लाल विंचवाचं विष शरीरात नेमकं काय बिघडवतं? रोहा-महाडच्या डंखापासून हृदय आणि डायबेटीसपर्यंत पोचणारी पोटॅशियम चॅनलची गोष्ट

मे महिना संपत आला की रोहा तालुक्यातल्या गावांमध्ये पावसाआधीची कामं निघतात. कौलं परतायची, लाकडं पडवीत रचायची, बांधाचे निखळलेले दगड पुन्हा बसवायचे. याच कामात कुणाचा तरी हात नको तिथे जातो आणि बोटाला आग लागल्यासारखी कळ येते. विंचू.

कोकणात विंचू चावणं ही काही नवी गोष्ट नाही. बऱ्याचदा रात्रभर ठणका लागतो आणि सकाळी माणूस कामाला जातो. पण काही वेळा वेगळंच घडतं. अर्ध्या-एक तासात उलट्या सुरू होतात, अंगातून घामाच्या धारा लागतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात. छातीत धडधडतं, श्वास लागतो, खोकताना गुलाबी फेस येतो. डंख बोटाला झालेला असतो आणि माणूस मात्र फुप्फुसात पाणी भरून दगावतो.

यात सगळ्यांचा एक गैरसमज असतो. लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या इंगळीला. खरा धोका असतो तो तांबूस-पिवळसर, जेमतेम बोटाएवढ्या लाल विंचवाचा. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो ब्युथस टॅम्युलस किंवा मेसोब्युथस टॅम्युलस या नावाने सापडेल. जगातल्या सर्वांत घातक विंचवांमध्ये त्याची गणना होते आणि तो आपल्याकडे कौलाखाली, दगडाखाली, पेंढ्यात राहतो.

एवढासा प्राणी धडधाकट माणसाला कसा लोळवतो? याचं उत्तर शरीरातल्या अशा काही दारांमध्ये आहे, जी डोळ्यांना दिसत नाहीत पण ज्यांच्यावाचून हृदयाचा एक ठोकाही पडत नाही. त्यातली काही दारं म्हणजे पोटॅशियम चॅनल.

आधी ही दारं समजून घेऊ

पेणच्या खारेपाटात मिठागरं पाहिली असतील. मीठ म्हणजे सोडियम. आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेर असंच खारं पाणी असतं, सोडियमने भरलेलं. पेशीच्या आत मात्र उलटी परिस्थिती. तिथे पोटॅशियम भरलेलं असतं. शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असतं. रक्ताच्या रिपोर्टवर जो ३.५ ते ५ असा आकडा दिसतो, तो बाहेर उरलेल्या थोड्याशा पोटॅशियमचा. पेशीच्या आत हेच प्रमाण १४०च्या आसपास असतं.

आत एक, बाहेर दुसरं, आणि मध्ये पातळ पडदा. या पडद्यात प्रथिनांची बनलेली बारीक दारं असतात. काहींतून फक्त सोडियम जातं, काहींतून फक्त पोटॅशियम. या विद्युतभारित कणांना आयन म्हणतात, म्हणून ही दारं म्हणजे आयन चॅनल.

नसेतून संदेश जायचा असेल तर आधी सोडियमची दारं उघडतात. सोडियम भसकन आत येतं आणि पेशीचा विद्युतदाब उलटतो. हा झाला सिग्नल. पण तो तसाच सुरू राहून चालत नाही. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि पेशी पुन्हा शांत होते. सोप्या शब्दांत सांगायचं तर सोडियम घंटा वाजवतं आणि पोटॅशियम तिच्यावर हात ठेवून ती थांबवतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक हालचालीला, प्रत्येक विचाराला हेच चालू असतं.

हे गणित पहिल्यांदा मांडलं ते ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी, १९५२ साली. त्यासाठी त्यांनी वापरली होती माकूळ. हो, अलिबाग-मुरूडच्या बाजारात मिळते त्याच कुळातली. माकुळाच्या अंगातली एक नस इतकी जाड असते की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि तिच्यात तार घालून वीज मोजता येते. या कामासाठी दोघांना १९६३ साली नोबेल मिळालं.

माणसाच्या शरीरात पोटॅशियम चॅनल बनवणारी सुमारे ८० जनुकं आहेत. दुसऱ्या कुठल्याच आयनच्या चॅनलमध्ये इतकी विविधता नाही. हृदयातलं चॅनल वेगळं, स्वादुपिंडातलं वेगळं, कानातलं वेगळं, रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं वेगळं. काम मात्र बहुतेक ठिकाणी एकच, ब्रेक लावणं.

विंचवाचं विष दोन बाजूंनी घेरतं

लाल विंचवाच्या विषात एकच पदार्थ नसतो. त्यात अनेक छोटी प्रथिनं असतात. त्यातली काही सोडियमचं दार बंदच होऊ देत नाहीत. म्हणजे घंटा वाजतच राहते. दुसरी काही पोटॅशियमच्या दारात बूच मारतात. म्हणजे घंटेवर ठेवायचा हातच बांधला जातो. मुख्य दोषी सोडियमच्या दारावर बसणारी विषं मानली जातात, पण पोटॅशियमवाली त्यांचं काम आणखी पक्कं करतात.

परिणाम काय? शरीराला संकटाच्या वेळी सावध करणाऱ्या नसा एकदम पेटतात आणि थांबत नाहीत. ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन रक्तात भसाभस ओतली जातात. डॉक्टर याला ऑटोनॉमिक स्टॉर्म म्हणतात, म्हणजे आपल्या इच्छेवर न चालणाऱ्या नसांचं वादळ. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. ब्लडप्रेशर चढतं. आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत तिला जास्त आवळू न देणारी बीके नावाची पोटॅशियम चॅनल असतात. या विंचवाच्या विषात नेमकी तीच बंद करणारा पदार्थही आहे.

यातलं एक लक्षण लोक लाजेपोटी सांगत नाहीत. पुरुषांमध्ये आणि लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठ होऊन तसंच राहतं. हे या वादळाचं अगदी सुरुवातीचं चिन्ह असू शकतं, त्यामुळे ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट: डंखाच्या जागी प्रचंड वेदना पण बाकी काही नाही, असा रुग्ण सहसा सुरक्षित असतो. वेदना कमी पण घाम, उलट्या आणि गार हातपाय, अशा रुग्णाची काळजी जास्त.

महाडच्या डॉक्टरांनी काय केलं

रोह्याहून कोलाड, माणगाव ओलांडून मुंबई-गोवा हायवेने पुढे गेलं की महाड लागतं. १९७६ साली जालना जिल्ह्यातला एक तरुण एमबीबीएस डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिम्मतराव बावस्कर. त्यांच्यासमोर विंचू चावलेले रुग्ण येत होते आणि त्यातले बरेच फुप्फुसात पाणी होऊन मरत होते. पुस्तकांत यावर उपचार म्हणून ठोस असं काही नव्हतं.

डॉ. बावस्कर यांनी केलं ते तसं साधं, पण फार कमी लोक करतात ते. रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. घाम कधी सुटला, नाडी किती, प्रेशर किती, श्वास कधी लागला. १९८२ साली त्यांचं या सुरुवातीच्या लक्षणांवरचं टिपण ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरचं.

नोंदींमधून एक गोष्ट स्पष्ट झाली. माणूस मरतो तो आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि थकलेलं हृदय यामुळे. मग त्या वाहिन्या सैल केल्या तर? त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे सलाइनमधून द्यायचं औषध वापरून पाहिलं. ते चाललं, पण त्याला सतत देखरेख लागते आणि खेड्यातल्या दवाखान्यात ते अवघड. मग त्यांची नजर गेली प्राझोसिनवर. ब्लडप्रेशरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी.

इथे एक बारकावा आहे. प्राझोसिन विंचवाचं विष काढून टाकत नाही. चॅनलमधलं बूचही काढत नाही. नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिनीला ‘आवळ’ असा हुकूम देतं, तो हुकूम ज्या कानाने ऐकला जातो तो कान प्राझोसिन बंद करतं. त्या कानाला अल्फा रिसेप्टर म्हणतात. वादळ सुरूच असतं, पण रक्तवाहिन्यांना ते ऐकू येत नाही. तोवर शरीर विषाचा निकाल लावतं.

१९८६ साली डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचं प्राझोसिनवरचं काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यांच्या अनुभवानुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्क्यांपर्यंत दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात आलं. पुढे विंचवाच्या विषावरची लसही, म्हणजे अँटिव्हेनम, मिळू लागली. मग प्रश्न आला की नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही? बावस्कर दाम्पत्याने महाडमध्येच ७० रुग्णांवर याची चाचणी घेतली आणि ती २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. फक्त प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण. पण हाही फरक वेळेचा होता. दुसऱ्या गटाला सरासरी १८ तासांच्या आसपास लागले. २०२२ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

तेच विष प्रयोगशाळेत गेलं तेव्हा

महाडमध्ये हे विष माणसं मारत होतं, त्याच काळात अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी त्यातून एक प्रथिन वेगळं काढलं. १९९० साली ते जाहीर झालं. नाव आयबेरिओटॉक्सिन, फक्त ३७ अमिनो आम्लांची साखळी. वर उल्लेख आलेल्या बीके चॅनलवर ते नेमकं बसतं आणि जवळच्या इतर चॅनलना हात लावत नाही. २००२ साली याच विंचवाच्या विषातून टॅमापिन सापडलं, ३१ अमिनो आम्लांचं. ते एसके नावाच्या दुसऱ्या पोटॅशियम चॅनलला बंद करतं.

संशोधकांसाठी हे सोनं आहे. ८० जनुकांपासून बनलेल्या दारांच्या गर्दीत एकच दार बंद करून बघायचं असेल तर अशीच अचूक किल्ली लागते. आज रक्तदाबापासून स्मरणशक्तीपर्यंतच्या प्रयोगांत ही दोन विषं जगभर वापरली जातात.

पोटॅशियम चॅनलचं रूप उलगडण्यातही विंचूच उपयोगी पडला. मध्यपूर्वेतल्या एका विंचवाचं विष चॅनलच्या तोंडावर कुठे अडकतं, हे तपासत रॉडरिक मॅकिनन यांनी चॅनलचं भोक कुठे असणार याचा माग काढला. १९९८ साली त्यांच्या गटाने एका जिवाणूच्या पोटॅशियम चॅनलची अणूपर्यंतची रचना दाखवली. त्यातून एक जुनं कोडं सुटलं. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा असतो. मग ज्या दारातून मोठा जातो, त्यातून छोटा का जात नाही? उत्तर असं, की पाण्यात प्रत्येक आयनभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. दारात शिरताना ते कडं सोडावं लागतं. पोटॅशियम चॅनलच्या आत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला पाण्यात असल्यासारखंच वाटतं. छोट्या सोडियमला ते अंतर जमत नाही, म्हणून तो बाहेरच थांबतो. एवढी कडक निवड करूनही एका चॅनलमधून सेकंदाला १० कोटींपर्यंत आयन जाऊ शकतात. मॅकिनन यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

विंचू न चावताही दार बिघडलं तर

काही जणांच्या शरीरात ही दारं जन्मतःच सदोष असतात. हृदयात पोटॅशियम चॅनल नीट काम करत नसेल तर ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना शांत व्हायला उशीर होतो. ईसीजीवर ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबलेलं दिसतं, म्हणून आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. साधारण दोन हजारांत एकाला तो असतो. एरवी माणूस ठणठणीत. पण एका प्रकारात पोहताना किंवा धावताना, दुसऱ्या प्रकारात गजर किंवा फोनच्या अचानक आवाजाने हृदयाची लय बिघडते आणि माणूस कोसळतो. शाळेत चक्कर येऊन पडणाऱ्या मुलाला कित्येकदा फिट्सचं औषध सुरू होतं आणि ईसीजी कुणी काढतच नाही. घरात कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल तर बाकीच्यांचा ईसीजी काढणं म्हणूनच गरजेचं. बीटा ब्लॉकर गोळ्यांनी बऱ्याच जणांचा धोका कमी होतो.

याच कुटुंबातल्या एका दुर्मीळ प्रकारात मूल जन्मतः बहिरंही असतं. १९५७ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. कारण हृदयातलं तेच चॅनल कानाच्या आतल्या भागातही लागतं.

कधी चॅनल चांगलं असतं, पण औषध त्यात अडकतं. हृदयातलं एचईआरजी नावाचं चॅनल याबाबतीत फार बदनाम आहे. त्याची आतली पोकळी मोठी असल्याने तऱ्हेतऱ्हेची औषधं तिथे बसतात. टर्फेनाडिन आणि ॲस्टेमिझोल ही ॲलर्जीची औषधं नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या बाजारातून गेली ती याच कारणाने. पोटाच्या विकारांवरचं सिसाप्राइड भारतात २०११ साली बंद झालं. आता कुठलंही नवं औषध आणताना ते या चॅनलला अडवतं का हे तपासावं लागतं. कोविडच्या काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देण्याआधी ईसीजी काढा असं डॉक्टर सांगत होते, ते यामुळेच.

डायबेटीसची गोष्ट तर घराघरातली. स्वादुपिंडाच्या पेशीत एक पोटॅशियम चॅनल असतं, जे साखर आली की बंद होतं. ते बंद झालं की इन्सुलिन बाहेर पडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या हेच दार बंद करतात. साखर असो वा नसो, दार बंद. म्हणून ही गोळी घेऊन जेवण चुकवलं की साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते.

काही बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांतच डायबेटीस होतो. त्यातल्या अनेकांत हेच चॅनल सतत उघडं राहतं, असं २००४ साली कळलं. मग इन्सुलिनच्या सुयांऐवजी दार बंद करणाऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या. २००६ सालच्या अभ्यासात ४९ पैकी ४४ जणांची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली. भारतात चेन्नईच्या मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये अशा बाळांची जनुकीय तपासणी होते. सहा महिन्यांच्या आत डायबेटीसचं निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांनी याबद्दल डॉक्टरांना नक्की विचारावं.

शहाळं आणि मीठ

चॅनल ठीक असूनही रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं किंवा फार घटलं तर आत-बाहेरचा फरकच बिघडतो. जुलाब-उलट्यांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घटतं, स्नायू ढिले पडतात, ठोके चुकतात. किडनी निकामी असेल तर उलट होतं. पोटॅशियम साठत जातं आणि हृदय थांबूही शकतं.

कोकणात आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळं नेतात. बाकीच्यांसाठी ते चांगलंच. पण डायलिसिसवर असलेल्या माणसासाठी पोटॅशियमने भरलेलं ते पाणी धोक्याचं ठरू शकतं. तीच गोष्ट ‘लो सोडियम’ मिठाची. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचा विकार असलेल्यांना त्यातून वगळलं. पाकिटावरची बारीक अक्षरं इथे वाचायलाच हवीत.

मग विंचू चावला तर काय करायचं?

डंखाची जागा कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. विंचू पकडून न्यायच्या फंदात पडू नका. तो लाल होता की काळा एवढं पाहिलं तरी पुरे, आणि जमलं तर लांबून फोटो. चावल्याची वेळ लक्षात ठेवा.

लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा. मोठ्या माणसाला घाम, उलटी, गार हातपाय, धडधड यातलं काहीही सुरू झालं तर तेच करा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

प्राझोसिन स्वस्त आहे म्हणून घरात आणून ठेवायची गोळी नाही. ती घेतल्यावर प्रेशर एकदम खाली येऊन माणूस उठताना पडू शकतो, आणि ज्याला नुसतीच वेदना आहे त्याला तिची गरजही नसते. डोस वजनानुसार ठरतो आणि काही तासांनी पुन्हा द्यावा लागतो, तोही नाडी-प्रेशर बघत. त्यामुळे ती दवाखान्यातच घ्यायची. तिथे पोचल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी आधी सांगा: किती वाजता चावला, उलटी किंवा घाम कधी सुरू झाला, आणि रुग्णाला आधीपासून हृदयाची, प्रेशरची किंवा साखरेची कुठली औषधं चालू आहेत.